आप्पा, बैल आणि ह्यूस्टनची जत्रा

आई-आप्पांना इकडे येऊन सहा आठवडे झाले होते, आणि आप्पांचं अमेरिकेबद्दलचं मत एका वाक्यात पक्कं झालं होतं. "घरं मोठी, माणसं नाय."

खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही राहतो केटीला, ह्यूस्टनच्या पश्चिमेला. सकाळी ते कानटोपी घालून फिरायला निघत आणि पाऊण तासात परत येत. रस्त्यात भेटलं कोण? एक कुत्रं आणि त्याला फिरवणारी एक बाई. तीही "हाय" म्हणून पुढे. पिअरलंडच्या मीनाक्षी मंदिरात नेलं, ते आवडलं. नासाला नेलं. तिथे एवढं मोठं सॅटर्न रॉकेट आडवं ठेवलंय, पण आमच्या आप्पांना सगळ्यात काय आवडावं? तर तिथल्या कुरणात चरणारी लांब शिंगांची टेक्सन गुरं! घरी येऊन आईला म्हणाले, "आगं, चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या हापिसाच्या दारात गुरं बांधलीत. हुशार लोक हायेत."

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की मार्च येतोय, यांना रोडिओला न्यावं. पण बोलायला जीभ उचलेना. का ते पुढे सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. ह्यूस्टनचा हा 'लाइव्हस्टॉक शो अँड रोडिओ' म्हणजे आपल्याकडचं कृषी प्रदर्शन, गुरांचा बाजार, गावची यात्रा आणि तमाशाचा फड असं सगळं एकत्र करून तीन आठवडे चालवलं तर जे होईल ते. 1932 साली 'ह्यूस्टन फॅट स्टॉक शो' या नावाने सुरू झाला. (धष्टपुष्ट गुरांचं प्रदर्शन, माणसांचं नव्हे. तरी तिथलं खाणं बघता माणसांचंही म्हणायला हरकत नाही.) रोडिओ त्यात 1938 मध्ये आला. पुढे अ‍ॅस्ट्रोडोम, आणि 2003 पासून शेजारचं मोठं स्टेडियम. वर्षाला वीस-पंचवीस लाख लोक येऊन जातात. 2020 मध्ये कोविडमुळे तो मध्येच बंद करावा लागला आणि 2021 मध्ये झालाच नाही, तेव्हा इथले लोक आषाढी चुकल्यासारखे हळहळत होते.

आषाढी उगीच म्हटलं नाही. रोडिओच्या आधी टेक्सासच्या चारी बाजूंनी घोडेस्वार आणि छपराच्या गाड्या रस्त्याने निघतात. कोणी शंभर मैल, कोणी त्याहून जास्त. रात्री मुक्काम, सकाळी पुढे, असं करत सगळे ह्यूस्टनच्या मेमोरियल पार्कमध्ये एकत्र येतात. 1952 साली ब्रेनम गावाहून पहिली अशी 'ट्रेल राइड' निघाली. एकदा ऑफिसला जाताना मला यातली एक दिंडी आडवी आली होती. मागे पोलिसांची गाडी, त्यामागे दोन मैल आम्ही सगळे, आणि कोणी एकानेही हॉर्न वाजवला नाही.

तर मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही निघालो. आई आली नाही. "बैल मी जन्मभर बघितले. शेण पण काढलं. तुम्ही जा," म्हणाली आणि तिने मालिका लावली. कन्येने (वय 12) उंच बूट आणि भरपूर कंटाळा घातला होता. चिरंजीवांची (वय 6) काऊबॉय हॅट घरातून निघतानाच नाकापर्यंत आली होती. नवऱ्याकडे हॅट, पाणी, पार्किंगचा पास आणि सगळ्यांचं सामान. आप्पा मात्र नेहमीच्याच वेषात. पांढरा लेंगा-सदरा, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी, वर नवऱ्याचं जाकीट. मी जरा बिचकत होते, की तिथे उठून दिसतील. दिसलेच! पहिल्या दहा मिनिटांत एका साडेसहा फुटी आजोबांनी स्वतःची हॅट उचलून "नाइस हॅट, सर" म्हटलं. आप्पांनीही टोपीला हात लावून "राम राम" म्हटलं. सहा आठवड्यांत त्यांच्याशी आपणहून बोललेला हा पहिला टेक्सन.

पहिलं काम चिरंजीवांचं. 'मटन बस्टिन' नावाचा एक प्रकार इथे असतो. नावावर जाऊ नका, खाण्याचा काही संबंध नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मेंढीवर पालथं झोपवायचं, डोक्याला शिरस्त्राण, अंगात जाड जाकीट, आणि मेंढी सोडून द्यायची. जो जास्त वेळ चिकटून राहील तो जिंकला. वजन 55 पौंडांच्या आत हवं. आमच्या घरी दोन महिने "पोळी खा" म्हटलं की "वजन वाढेल" असं उत्तर मिळत होतं, ते यामुळे.

आप्पांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. "मेंढीवर? आरं, धनगराची पोरं सोडली तर कोन बसतं का मेंढीवर!" चिरंजीव बसले. दार उघडलं. मेंढी निघाली ती सरळ न जाता डावीकडे वळली, आणि आमचे वीर उजवीकडे. सगळं मिळून तीन सेकंद. मातीत पडल्या पडल्या त्याचं तोंड रडायला लागल्यासारखं झालं. मग त्याने वर बघितलं, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि रडायचा बेत त्याने रद्द केला. कठड्यापलीकडे आप्पा दोन्ही हात वर करून ओरडत होते. त्यांचा असा आवाज मी किती वर्षांनी ऐकला, हे तेव्हा लगेच मोजता आलं नाही.

नंतर मोजलं. दहा वर्षं.

आता ते सांगायला हवं. आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं. त्या पट्ट्यात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड काय असतं ते तिकडच्यांनाच कळेल. घाट म्हणजे डोंगरातला घाट नव्हे, शर्यतीसाठी केलेला चढाचा रस्ता. एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे जुकाटाची जोडी, मागे धुरेची, आणि घड्याळ लावून सेकंद मोजतात. एक बारी बारा-तेरा सेकंदांत संपते. तेवढ्यासाठी वर्षभर बैलांना खाऊ घालायचं, अंघोळी, चालवणं, पळवणं. आमच्याकडे शेवटची जोडी होती सोन्या आणि वजीरची. भुईमुगाची पेंड, अंडी, दूध... मी शिकायला पुण्यात होते तेव्हा खोलीवर गाजराची पिशवी यायची ती अर्धी माझी आणि अर्धी चुकून आलेली सोन्याची असायची.

7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. मी तेव्हा इथेच होते. आणि मी फोनवर आप्पांना म्हटलं, "बरं झालं." फक्त तेवढ्यावर थांबले नाही. लहानपणी घाटात मी बघितलं होतं, शेपट्या पिरगाळणं, खिळे टोचणं, चाबूक. सगळेच करत नसत, आप्पा कधीच करत नसत, पण व्हायचं. ते सगळं मी बोलले. पुढे दोन वर्षांनी त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा मी म्हटलं, "पळवायचे नाहीत तर पोसताय कशाला? किती खर्च! विकून टाका." माझ्या आवाजात, ऑपरेशनचे पैसे मी पाठवतेय, हेही असणार. त्यांनी बेल्ह्याच्या बाजारात जोडी विकली. मला फोनवर म्हणाले, "दिली." मी म्हटलं, "बरं झालं." दुसऱ्यांदा!

त्यावर आमचं पुन्हा कधीच बोलणं झालं नाही. 2017 मध्ये राज्याने कायदा केला, तो हायकोर्टात अडकला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाने तो कायदा कायम केला. गावात फटाके वाजले. चुलतभावाने व्हिडिओ पाठवला. त्यात आप्पा मागे पारावर बसलेले दिसत होते. गोठा रिकामा होऊन सात वर्षं झाली होती.

आणि अशा माणसाला मी बैलांचा खेळ बघायला नेत होते. तिकिटं काढून, मजा म्हणून. जीभ उचलत नव्हती ती यासाठी.

असो. तर चिरंजीवांच्या अंगावरची माती झाडून आम्ही गुरांच्या हॉलमध्ये गेलो. हा हॉल म्हणजे केवढा! शेळ्या, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या, ससे आणि गाई-बैलांच्या रांगाच रांगा. वास मात्र अगदी ओळखीचा. आप्पा दारातच थांबले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "हं." नासात असा श्वास घेतला नव्हता.

गुरांना तिथे केस वाळवायच्या यंत्राने फुलवत होते. पोरी कात्री घेऊन बैलाच्या पायांचे केस कापत होत्या. काळे अँगस, तांबडे-पांढरे हेरफर्ड, सगळे चौकोनी कपाटासारखे, पाठ सपाट. आप्पा बघत होते, पण लांबून, परक्याच्या घरातले फोटो बघावेत तसे. आणि मग एका वळणावर ते एकदम थबकले.

समोर करड्या रंगाची एक कालवड बांधलेली. खांद्यावर वशिंड. गळ्याखाली लोंबणारी पोळी. लांब, खाली पडलेले कान.

"आगं बाई," आप्पा म्हणाले, "ही तर आपलीच हाय!"

आपलीच होती. ही अमेरिकन ब्राह्मन जात. टेक्सासच्या दमट उकाड्यात आणि गोचिडांत युरोपातली गुरं टिकेनात, म्हणून 1854 ते 1926 या काळात हिंदुस्थानातून, आणि काही ब्राझीलमार्गे, तीनशेपेक्षाही कमी जनावरं इथे आली. बहुतेक सगळे वळू. गीर, गुजराती म्हणजे कांकरेज, नेल्लोर, आणि चौथी जात कृष्णाकाठची! आपल्या सांगली-बेळगाव भागातली. त्यांच्या संकरातून ही जात तयार केली आणि 1924 मध्ये तिची संघटना निघाली तीही याच ह्यूस्टनात. मी हे सगळं आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं, आप्पांवर छाप पाडायला. पण सांगायची गरजच पडली नाही. त्यांनी नुसतं वशिंड बघून सांगितलं. मी फक्त नाव सांगितलं.

"काय? ब्राह्मण?" आप्पा एवढे हसले की ठसका लागला. "गावात गेल्यावर भटजीबुवांना सांगतो. म्हनावं, तुमचे लई नातेवाईक हायेत तिकडं."

कालवडीजवळ पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी उलट्या बादलीवर बसून सँडविच खात होती. आप्पांनी तिच्याकडे बघून हाताने खूण केली, हात लावू का? ती "शुअर" म्हणाली. आप्पांनी आधी हात हुंगू दिला, मग गळ्याखालची पोळी खाजवायला लागले. कालवडीने मान लांब करून डोळे मिटले. मुलगी सँडविच विसरली. "हाउ डिड ही नो? तिला तिथेच आवडतं!"

मग दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. दुभाषी आमची कन्या. तिचा कंटाळा कुठे गेला कोण जाणे. काय खायला घालतेस, किती वेळा धुतेस, पान्ह्याला कशी असते ही जात, असले प्रश्न. आमच्या कन्येला 'पेंड' माहीत नाही आणि 'पान्हा' तर त्याहून नाही. मी मागे उभी राहून शब्द पुरवत होते. मुलगी छोट्या गावातून आली होती. ही कालवड प्रदर्शनापुरती, परत घरी जाणार. पण गेल्या वर्षी तिने स्टीअर, म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हा, वाढवला होता. तो लिलावात गेला.

इथे हे मुलांना आधीच माहीत असतं. शाळेतली मुलं वर्षभर एखादं जनावर स्वतः वाढवतात, पहाटे उठून, शाळेआधी. मग प्रदर्शन, मग लिलाव. लिलाव मांसासाठीच असतो. पैसे कॉलेजला उपयोगी पडतात. 2022 मध्ये इथल्या पहिल्या नंबरच्या स्टीअरला दहा लाख डॉलर मिळाले होते, पण ते एखाद्यालाच.

मुलगी म्हणाली, की ट्रेलरमध्ये चढवताना तो वळून तिच्याकडे बघत होता, आणि घरी गेल्यावर दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. अगदी सहज सांगितलं तिने.

कन्येने ते आपल्या मोडक्या मराठीत आप्पांना सांगितलं. आप्पांचा हात कालवडीच्या गळ्यावरच होता. म्हणाले, "तिला सांग, मी बी दोन बैल विकले व्हते. मी पाच दिवस गोठ्याकडं गेलो नाय. आजीच जायची झाडायला."

कन्येने इंग्रजीत सांगितलं. मुलगी म्हणाली, "आय अ‍ॅम सो सॉरी, सर." कन्येने तेही मराठीत सांगितलं, "ती सॉरी म्हणते, आजोबा."

"तिचा काय दोष," आप्पा म्हणाले.

मी तिथेच मागे उभी होते. आठ वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. मी काय केलं असेल? "चला, उशीर होतोय, रोडिओ सुरू होईल," म्हटलं.

स्टेडियममध्ये सत्तर हजार माणसं बसतात. मधे सगळी माती टाकलेली. दिवे गेले, झेंडा घेतलेला घोडेस्वार वाऱ्यासारखा आला, सगळे उभे राहिले. आप्पाही टोपी सारखी करून उभे.

सुरुवात घोड्यांची. खोगिराविना, मग खोगीर घालून. मग बायकांची पिंपांची शर्यत. तीन पिंपं त्रिकोणात, त्यांना वळसे घालून परत. पिंप पडलं की पाच सेकंद दंड. आमची कन्या खुर्चीवर उभी. आप्पा म्हणाले, "बाई माणूस घोडीवर असावं तर असं."

पण मधे वासराला फास टाकायचा प्रकार आला. वासरू सुटतं, मागून घोडेस्वार दोर टाकतो, वासरू पळता पळता गळ्याला हिसका बसून थांबतं. मग स्वार उतरून त्याला आडवं पाडतो आणि तीन पाय बांधतो. गुरं राखणाऱ्यांच्या रोजच्या कामातून हे आलंय, डाग द्यायला, औषध द्यायला असंच धरायचे, हे मला माहीत आहे. तरी पहिल्या हिसक्याला मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शेजारी बघितलं. आप्पांनी मान खाली घातली होती आणि सदऱ्याचं बटण बघत होते. चारही वासरं होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. आम्ही दोघं एका बाजूला, हे मला तेव्हा प्रथम कळलं. की आधीपासूनच होतो?

त्यानंतरचा वासरं पकडायचा खेळ मात्र त्यांना भलता आवडला. जेवढी वासरं त्याच्या दुप्पट मुलं मैदानात सोडतात. जो पकडून, म्होरकी घालून, ओढत चौकोनात आणेल त्याला पुढच्या वर्षी जनावर घ्यायला पैसे मिळतात. एक किरकोळ पोरगी वासराच्या शेपटीला धरून अर्धं मैदान घसरत गेली पण सुटली नाही. आप्पा तिच्यासाठी असे ओरडत होते, की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून त्यांना आपला पॉपकॉर्न दिला.

शेवटी बैल.

नियम साधा आहे. आठ सेकंद. एका हाताने दोर धरायचा, दुसरा हात बैलाला किंवा स्वतःला लागला तर बाद. मला वर्षानुवर्षं वाटायचं, की बैलाच्या नाजूक जागी काही बांधतात म्हणून तो उसळतो. तसं नसतं. पट्टा कमरेपाशी, मागच्या पायांच्या पुढे असतो, आणि स्वार पडला की सोडतात. त्याने बैलाला आवडतं असं नव्हे. आवडलं असतं तर उसळला कशाला असता? असो, मी माझं मत सोडलेलं नाही.

पण आप्पांना चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीने. गुण 100 पैकी असतात. त्यातले 50 स्वाराचे आणि 50 बैलाचे.

"बैलाला मार्क?" आप्पांनी मला तीनदा विचारलं. "निम्मे? बैलाला?"

हो, म्हटलं. बैल नीट उसळला नाही तर स्वाराला दुसरा बैल मिळू शकतो. बैलांची नावं पाटीवर येतात, लोकांना पाठ असतात.

मग आप्पा सरसावून बसले. पुढचा अर्धा तास त्यांनी माणसांकडे बघितलंच नाही. पहिला बैल सुटला, दोन सेकंदांत स्वार मातीत. "मागनं जड हाय, पन डोस्कं हाय त्याला," आप्पा. दुसरा गोल फिरत राहिला. "ह्यो हुशार. दमत नाय." बहुतेक सगळ्यांना वशिंड होतं, कारण उसळणाऱ्या या बैलांतही आपल्याकडचंच रक्त आहे. आठपैकी तीनच स्वार आठ सेकंद टिकले. एक बैल स्वाराला पाडून, विदूषकांना हुसकावून, मैदानाच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्या स्टेडियमकडे बघू लागला. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमच्यात बी हे पायजे व्हतं," थोड्या वेळाने म्हणाले. "बैलाला मार्क दिले असते तर कोनी खिळा टोचला नसता."

माझ्याकडे बघून नाही म्हणाले. मैदानाकडे बघत म्हणाले. मी 2014 मध्ये फोनवर ज्यावर बोलले होते, त्याचं हे उत्तर होतं का, मला माहीत नाही. मी म्हटलं, "आप्पा, मी तेव्हा विकायला सांगायला नको होतं." आवाज इतका होता की मला दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जरा ओरडूनच.

"बंदी काय तू घातली व्हती व्हय?" ते म्हणाले. आणि मग, "गुडघा बी दुखायचा." आणि मग बराच वेळ काहीच नाही.

नंतर गाण्याचा कार्यक्रम झाला. कोण गायलं ते कन्येला विचारा, मला विचारू नका. चिरंजीव त्यात झोपले.

बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता आणि जत्रेचे दिवे लागले होते. इथे कार्निव्हल म्हणतात, पण पाळणा तो पाळणाच. फुग्यांवर बाण मारायचे, बाटल्यांवर कडी टाकायची, आणि तीस डॉलर घालवून पाच डॉलरचा अस्वल घरी न्यायचा. आमच्या गावच्या यात्रेत बंदुकीने फुगे फोडताना माझे आठ आणे जायचे, महागाई बाकी काही नाही. टर्कीच्या तंगड्यांचा धूर सगळीकडे. आप्पा माळकरी, त्यामुळे आम्ही भाजलेली कणसं शोधली. लोण्यात बुडवलेलं कणीस आप्पांनी दोनदा पुसून खाल्लं. फनेल केक मात्र पसंत. "कडबोळं करायला गेला आन जिलबीच्या कढईत पडलं," हे त्यांचं वर्णन मला आजवरचं सगळ्यात अचूक वाटतं.

पाळण्यात मी, आप्पा आणि कन्या बसलो. वरून सगळं ह्यूस्टन दिसत होतं, आणि खाली गुरांच्या ट्रेलरची लांबच लांब रांग. वर थांबलो तेव्हा कन्येने विचारलं, "आजोबा, तुमच्या बैलांची नावं काय होती?" आप्पांनी सांगितली. तिने ती म्हणून बघितली. 'वजीर' बरोबर आलं, 'सोन्या'चा 'सान्या' झाला. आप्पांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

घरी पोचायला दहा वाजले. म्हणजे भारतात रविवार सकाळचे साडेनऊ. आईने गरम खिचडी ठेवली होती. आप्पा हात-पाय धुऊन आले आणि ताट बाजूला सारून आधी चुलतभावाला फोन लावला. अर्धा तास. मेंढी, चिरंजीवांचे तीन सेकंद (फोनवर ते सहा झाले), कालवड, ब्राह्मण, बैलाला निम्मे मार्क. "आरं खरंच! पाटीवर नाव येतं बैलाचं!" आई मला म्हणाली, "एवढं बोलणं मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकतेय."

मग त्यांचा आवाज खाली आला. मी भांडी लावत होते, तशीच थांबले.

"वजीर हाय का रं अजून? ... कुनाकडं? ... मंचरच्या?"

तिकडून बराच वेळ काहीतरी सांगितलं जात होतं. आप्पा "हां... हां..." करत ऐकत होते. फोन ठेवून ते टेबलाशी आले, ताट पुढे ओढलं.

"हाय म्हनत्यात," आप्पा आईला म्हणाले. "म्हातारा झालाय. बसूनच असतो."

आईने त्यांच्या खिचडीवर तूप वाढलं. मी परतीच्या तिकिटांची तारीख बघायला लॅपटॉप उघडला. मे महिन्यातली होती, ती एप्रिलच्या यात्रेआधीची मिळते का, ते बघत बसले.